मोदकपात्रातलं कारस्थान

टॅम्पिनीस, सिंगापूर
गुरुवार, १७ जुलै

प्रिय निशिकांत,

गेल्या दहा दिवसांत तू मला सात वेळा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही. आंघोळीला गेलेत, डोळा लागलाय, असली कारणं आमच्या धवलनं तुला सांगितली असतील, कारण मीच त्याला तशी पढवली होती. खरं कारण असं की तुझा आवाज ऐकला असता तर मला एक प्रश्न विचारावा लागला असता आणि या फ्लॅटमध्ये तो प्रश्न विचारायला जागा नाही. दारं पातळ. त्यात धवलनं माझं व्हॉट्सॲप हॉलमधल्या टॅबला जोडून ठेवलंय, म्हाताऱ्याला अक्षरं मोठी दिसावीत म्हणून; मला कुणी काही पाठवलं की तिकडे टुणकन वाजतं आणि नऊ वर्षांची नात किमया ते आख्ख्या घराला वाचून दाखवते. म्हणून कागद काढला. पोस्टाच्या पेटीपर्यंत मीच चालत जाणार, कुणाच्या हाती देणार नाही. तर विचारतो. जहाजावर मी काय खात होतो, ते तू अरुणाला सांगितलंस का?

रागावू नकोस, आधी ऐक. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून लिहू दे. या वयात जुनं लिहायला बसलं की हात आपोआप वळणदार होतो, वाईच्या शाळेत पद्माकर मास्तर फळ्यावर कविता लिहायचे तसा. लग्न ठरताना अरुणाच्या वडिलांनी मला एकच विचारलं होतं, की बोटीवर जेवणाचं कसं करता. मी म्हटलं, वरणभात, दही, लोणचं. तेव्हा ते खरंही होतं. केकमध्ये अंडं असतं म्हणून मी कॅप्टनच्या वाढदिवसाचा केकसुद्धा नाकारला होता. मग आला ब्याऐंशीचा जानेवारी. उत्तर पॅसिफिकमध्ये पाच दिवस जहाज असं लोळत होतं की गॅलीत तेल तापवायची मनाई झाली. फक्त वाफेचं मोठं भांडं दोरखंडानं जखडून चुलीवर ठेवलेलं. मी सोळा तासांनी इंजिनरूममधून वर आलो. मास्तरांनी पाठ करून घेतलेल्या साऱ्या कविता चालीवर ओरडत ओरडत म्हणून झाल्या होत्या, एवढाच काय तो जागं राहायचा उपाय होता. आणि आपल्या हाँगकाँगच्या कुकनं, आह चोंगनं, माझ्या हातात एक वाडगा दिला. डुकराचं मांस आहे हे मला कळत होतं. बोटभर जाडीचे काप, आणि त्यात ती खारवून, उन्हात वाळवून काळपट झालेली मोहरीची भाजी, जिला तो मुई चॉय म्हणायचा. तीन तास वाफेवर बसून सगळं इतकं मऊ झालेलं की चमचा लावला की सुटावं. मी खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, निशिकांत, मला ते आवडलं. पुढची पाच वर्षं तो माणूस महिन्यातून दोनदा माझ्यासाठी ते करत होता आणि मी गॅलीच्या मागे पिंपावर बसून खात होतो. तू रेडिओ ऑफिसर, सगळ्यांचा मार्कोनी. तू तिथं येऊन नाकाला रुमाल लावून गप्पा मारायचास. तुला मासळीचासुद्धा वास सहन होत नव्हता. पण तू एकदाही मला हसला नाहीस, आणि कुणाला सांगितलंही नाहीस. निदान आजवर मी तसं समजून होतो.

आता इथलं ऐक. जूनमध्ये मला डेंग्यू झाला, ते तुला माहीत आहे. ताप गेला, पण तोंडाची चव बरोबर घेऊन गेला. पोळी खाल्ली तर पुठ्ठा चावल्यासारखी लागते, आमटी म्हणजे कोमट पाणी. अडुसष्ट किलोंचा सत्तावन्नावर आलोय. विशेष काही नाही, पूर्वीचे शर्ट जरा ढगळ होतात इतकंच. हॉस्पिटलमधून सोडताना तिथली आहार सांगणारी पोरगी म्हणाली, आंटी, अंकलला जे सगळ्यात आवडतं ते द्या, एनिथिंग ऑल्सो कॅन, फक्त पोटात जाऊ दे.  नंतर मी कपडे बदलून बाहेर आलो तर अरुणा त्या पोरीशी हळू आवाजात काही बोलत होती, आणि मला पाहिलं तशी दोघी गप्प झाल्या. तिथं पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या दिवसापासून अरुणा रोज सकाळी मला वजनकाट्यावर उभं करते, आकडा वहीत लिहिते, आणि आरोपीकडे बघावं तशी माझ्याकडे बघते.

मग मोदकपात्र गेलं. पुण्याहून आणलेलं, तिच्या आईचं, पितळी, आतून कल्हई केलेलं. ते ओट्याखालच्या कपाटात साडीच्या फडक्यात गुंडाळलेलं असतं आणि वर्षातून एकदाच बाहेर निघतं. मी चहाचं गाळणं शोधायला वाकलो तर फडकं होतं, पात्र नव्हतं. गणपतीला अजून सव्वा महिना आहे. विचारलं, तर म्हणाली, कल्हईला दिलंय. सिंगापुरात! टॅम्पिनीसमध्ये कल्हईवाला! मी हो म्हटलं आणि मनात नोंद केली. त्याच आठवड्यात चातुर्मास लागला. चातुर्मासात हिच्या ओट्यावर कांदा-लसूण चढत नाही हे तू आमच्याकडे जेवून जेवून जाणतोस. आणि परवा तिच्या ओढणीला लसणाचा वास. तळलेल्या लसणाचा, साखर घालून परतलेल्या. म्हणाली, लिफ्टमध्ये कुणाच्या तरी हातात जेवणाची पिशवी होती. रोज चारच्या सुमाराला ती समोरच्या आंटी सिऊ लानकडे जाते. आंटी सिऊ लान म्हणजे पंच्याहत्तरची, एकटी राहणारी, मुलं ऑस्ट्रेलियात. या दोघींचं काय बोलणं होत असेल? अरुणाचं इंग्रजी म्हणजे येस, नो, व्हेरी नाइस. तरी दोन दोन तास बसते आणि परत येते ती हात कोपरापर्यंत धुऊन, लिंबू चोळून, केस बांधून थेट आंघोळीला. एकदा आंघोळीत ती स्तोत्र म्हणत होती, मोठ्यानं, दोनदा.

तांदळाच्या डब्यामागे मला पुडकं सापडलं. काळं, सुकलेलं, मिठाचे खडे लागलेलं. मी नाकाशी नेलं आणि मधली चाळीस वर्षं गळून पडल्यासारखी झाली. मुई चॉय. जुन्या लोणच्याच्या बरणीचा आणि उन्हात पडलेल्या गवताचा मिळून जो वास होईल तो. मी तिथंच स्टुलावर बसलो. माझ्या बायकोच्या, जिच्या माहेरी सोवळ्याची काठी असायची त्या बायकोच्या, तांदळाच्या डब्यामागे आह चोंगची भाजी. गेल्या शनिवारी मी तिच्या मागे गेलो. लाज वाटते, पण गेलो. खालच्या भाजी-मासळीच्या वेट मार्केटात मी आंब्यांच्या खोक्यांआड उभा, आणि समोर डुकराच्या मांसाच्या गाळ्यापुढे अरुणा. ओढणी नाकावर घट्ट धरलेली, डोळे जवळजवळ मिटलेले, आणि आंटी सिऊ लान बोटानं दाखवतेय, हा नको, तो, चरबीचे थर मोज. दुकानदारानं पुडी पुढे केली. अरुणानं ती घेतली, निशिकांत. उघड्या हातानं घेतली.

यावरून काय समजायचं? मला तरी एकच दिसतं. हा सापळा आहे. एक दिवस ती तो वाडगा माझ्यापुढे ठेवणार आणि माझा चेहरा वाचणार. पण बरोबर तेच पक्वान्न तिला कुणी सांगितलं? सिंगापुरात कोंबडी आहे, मासे आहेत, शंभर प्रकारची चिनी जेवणं आहेत. हेच कसं? आह चोंग जिवंत असेल तर नव्वदीचा असेल. राहिलास तू. मी हॉस्पिटलात असताना तू अरुणाशी वीस मिनिटं बोललास, किमयानं मोजली होती. दर बुधवारी तुमच्या घरून कुमुदवहिनींचा फोन येतो आणि अरुणा तो घेऊन कपडे वाळत घालायच्या खिडकीपाशी जाते, मी जवळ गेलो की विषय पावसावर. आणि आता मागचंही सगळं मला वेगळं दिसायला लागलंय. तू पुण्याला यायचास तेव्हा तव्यावरची पहिली पोळी तुला. मोदकांतला कळीदार, एकवीस पाकळ्यांचा, तो तुझ्या ताटात. मी घरचा धनी, मला फुटका. इतकी वर्षं मी पाहुणचार समजत होतो. तुम्हा दोघांमध्ये माझ्याविषयी काही ठरलेलं होतं का? मास्तर म्हणायचे, कवितेत कवीनं जे लिहिलेलं नसतं ते चालीत ऐकू येतं. मला आता सगळीकडे ती चालच ऐकू येते. कुणाला सांगणार नाही असा तू शब्द दिला होतास. मला खरं काय ते कळव. ती आता वजनकाटा घेऊन येते आहे, म्हणून थांबतो.

रविवार, २० जुलै

वरची पानं फाडून टाकायला निघालो होतो. फाडली नाहीत. तुझ्यावर मी काय काय संशय घेतला ते तुला माझ्याच अक्षरात दिसू दे.

आज दुपारी धवल आणि सूनबाई वल्लरी तिच्या ऑफिसातल्या कुणाच्या लग्नाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वन-नॉर्थच्या बाजूला गेले होते. घरात आम्ही दोघं आणि किमया. साडेबाराला अरुणा म्हणाली, बसा. ती समोरच्या घरून दोन्ही हातांनी काहीतरी झाकलेलं घेऊन आली. नऊवारी नेसली होती, तिथं मला पहिला धक्का बसला. इथं आल्यापासून ती सणाशिवाय नेसत नाही. टेबलावर ताटली ठेवली. ताटलीवर वाडगा पालथा. आणि भाताची मूद पाडताना ती करते तसं तिनं वाडग्याच्या बुडावर दोन बोटांनी टकटक केलं, एकदा फिरवला आणि उचलला. ते होतं. काप एकाला एक लावून बसवलेले, वरची कातडी तांबूस चकाकणारी, कडेनं काळी भाजी आणि रस हळूहळू पसरत चाललेला. वाफ माझ्या चष्म्यावर आली. किमया इथल्या पोरांच्या बोलीत, झक्कास म्हणावं तसं, ओरडली, वॉ आजी, सो शिओक, यू कुक वन आह? आणि हातानंच एक काप उचलला. अरुणानं माझ्या ताटात गरम भात वाढला, त्यावर तूप घातलं, आणि शेजारी उभी राहिली. मला वाटलं, बघ, आता ही माझा चेहरा वाचतेय. मी खुर्ची मागे सारली आणि म्हटलं, अगं, हे काय भलतंच? मी आयुष्यात असल्या वस्तूला शिवलो नाही, आणि आता मरताना शिवू? किमयानं घास तोंडातच धरून माझ्याकडे पाहिलं. अरुणानं क्षणभर ताटलीकडे पाहिलं आणि म्हणाली, असू दे. तुम्हाला दहीभात कालवते. ताटली उचलून ती समोर देऊन आली. मी दहीभात खाल्ला. म्हणजे दोन घास.

तीनला आंटी सिऊ लान आली. अरुणाचा वाडगा धुऊन, पुसून, त्यात तीन संत्री घालून. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे त्यांच्यातही आहे. अरुणा आत आडवी झाली होती, म्हणून दार मी उघडलं. बाई आत येईना. उंबऱ्यावरच उभं राहून तिनं मला जी सुनावली! अंकल, यू नो ऑर नॉट, तुझ्या बायकोनं माझ्या घरी हे सहा वेळा शिजवलं. पहिल्यांदा मांसाला हात लावला आणि सिंकपाशी जाऊन रडली. मी तिला म्हटलं, नको करूस, खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर मिळतं, चार पावलांवर. नो नो म्हणाली, हातवारे करून सांगितलं, तो लोकांसमोर नाही खायचा, घरातच खाईल. ती भाजी सात पाण्यांतून धुते लाह, मी सांगितलं तीन पुरे, ती सात. पाच वेळचं बिघडलेलं मी एकटीनं खाल्लं, डॉक्टर मला ओरडतो. आणि तू खात नाहीस? व्हाय लाइक दॅट? वाडगा माझ्या हातात कोंबून ती निघून गेली, आणि जाता जाता वळून म्हणाली, तिचं ते ब्रासचं भांडं माझ्या घरी आहे, तुझ्याकडेच ठेव म्हणाली, त्यात मांस शिजलंय, आता घरात नको.

मी आत गेलो. अरुणा जागीच होती, भिंतीकडे तोंड करून. आणि मी काय विचारलं असेल असं तुला वाटतं? मी विचारलं, तुला हे सगळं निशिकांतनं सांगितलं ना? ती उठून बसली. आणि हसली, निशिकांत, पण असं हसू देव करो आणि तुझ्या वाट्याला न येवो. म्हणाली, अहो, त्या बिचाऱ्या भावजींचं नाव कशाला घेता? मला कुणी कशाला सांगायला हवं? मी होते ना तिथं.

आता ते लिहायला हवं. गुरुवारी मी ते मुद्दाम टाळलं होतं. सत्त्याऐंशी साल. मी सेकंड इंजिनिअर झालेला, अरुणा याच बंदरात माझ्याबरोबर जहाजावर चढलेली, सहा आठवड्यांसाठी. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसर्स सलूनमध्ये जेवायला आपण तिघं एका टेबलाशी. मी सुट्टीहून परतलो याचा आनंद आह चोंगला मला अचानक चकित करून साजरा करायचा होता. तो पांढराशुभ्र ॲप्रन घालून स्वतः बाहेर आला, माझ्यापुढे वाडगा पालथा घातला, उचलला आणि म्हणाला, सेकंड, युअर वन! आय कीप फॉर यू! आणि मी त्या भल्या माणसावर सगळ्यांसमोर खेकसलो. नॉट माइन! हे मार्कोनी साहेबांचं, माझ्यापुढे काय आणतोस? तुला मी काही खूणही केली नव्हती. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, एकदा अरुणाकडे, आणि ताटली ओढून घेतलीस. म्हणालास, हो रे बाबा, माझंच, भूक लागलीच होती. आणि खाल्लेस. चार काप. आयुष्यात पहिल्यांदा, न चावता, पाण्याच्या घोटाबरोबर. मग तू डेकवर गेलास आणि अर्धा तास कठडा धरून उभा राहिलास, ते मी पोर्टहोलमधून पाहत होतो. आह चोंगनं पुन्हा कधी ते केलं नाही. मला वाटलं होतं, निभावलं.

अरुणा आज म्हणाली, ज्या माणसाला मासळीचा वास आला की रुमाल शोधावा लागतो तो डोळ्यांत पाणी आणून ते गिळतोय, हे मला दिसत नव्हतं? आणि तो कुक शेवटपर्यंत तुमच्याकडे बघत होता, त्यांच्याकडे नाही. मी म्हटलं, मग अडतीस वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणते, तुम्ही सांगाल म्हणून. मला नव्हता हो राग यायचा. पहिल्या वर्षी आला असता, नंतर नाही. तुम्ही सांगाल, सांगाल, म्हणता म्हणता धवल झाला, मोठा झाला. त्या हॉस्पिटलातल्या मुलीनं विचारलं, यांना सगळ्यात जास्त काय आवडतं, आणि मला उत्तर ठाऊक होतं नि तोंडातून निघेना. मग वाटलं, करून समोर ठेवू. म्हणजे तुम्हाला सांगावंही लागणार नाही. नुसतं खाल्लं असतंत तरी मला कळलं असतं. मोदकपात्राचं विचारलं तर म्हणाली, बाप्पाला नवीन घेऊ, त्याला कुठे डेंग्यू झालाय. आणि मग खाली बघून, मांसाला हात लावला त्याचं मला काही वाटत नाही, पण आज तुम्ही पोरीच्या देखत परत तेच केलंत.

पहिली पोळी तुला का, हे मला तेव्हा कळलं, त्या चार कापांसाठी. माझ्या संशयाचं उत्तर माझ्या समोर बसून दर खेपेला जेवून जात होतं.

मी चपला न घालताच समोर गेलो. बेल वाजवली. आंटी सिऊ लाननं दार उघडलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. मी म्हटलं, इज देअर एनी लेफ्ट? तिनं फ्रीज उघडला. तीन काप उरले होते. गरम करू का म्हणाली, मी म्हटलं नको. तसेच ताटलीत घेऊन घरी आलो आणि टेबलाशी बसून अरुणाला हाक मारली. ती आली, किमयाही आली. मी एक काप उचलला आणि दोघींच्या देखत खाल्ला. गार होता, चरबी गोठलेली, आणि मीठ जरा जास्तच, सात पाण्यांतूनही. पण निशिकांत, खारट होता हे मला कळलं! दीड महिन्यात पहिल्यांदा मला काहीतरी खारट लागलं. मी तिन्ही खाल्ले. किमया म्हणाली, आजोबा, यू सेड नेव्हर. मी म्हटलं, आजोबा खोटं बोलले. व्हाय, म्हणाली.  अरुणाच म्हणाली, घाबरले होते ग. मग माझ्याकडे वळून, खारट झालंय का हो? मी म्हटलं, झालंय, आह चोंगची सर नाही. ती म्हणाली, सातव्यांदा होईल नीट, बुधवारी बाजारात तुम्हीच चला बरोबर, मला ते थर मोजायला जमत नाही.

घरातलं तर असं मिटलं, किंवा मिटायला लागलं. पण हे पत्र त्यासाठी नाही, हे मला आज लिहिता लिहिता कळलं. जे लिहायला मी बसलोच नव्हतो ते आता लिहितो. आपण त्या फेरीहून परतलो, आणि महिन्याभरात कुमुदवहिनींना कळलं की तू जहाजावर डुक्कर खातोस. वर्षभर त्यांनी तुला देवघरात येऊ दिलं नाही. जानेवारीच्या थंडीत त्र्यंबकला नेऊन कुशावर्तात बुडवून काढलं, आणि मी काठावर तुझा टॉवेल धरून कोरडा उभा होतो. तू कुडकुडत बाहेर आलास आणि हसून म्हणालास, जाऊ दे रे, बायकांचं असतंच, एक दुसरीला सांगणारच. तुला आजवर वाटत आलंय की अरुणानं सांगितलं. अरुणानं सांगितलं नाही. मी सांगितलं. तुमच्याच घरी नाशिकला, तू दूध आणायला खाली गेला होतास, आणि मी हसत हसत वहिनींना म्हणालो, तुमचे साहेब बोटीवर काय काय खातात विचारा. मला भीती होती की आज ना उद्या अरुणा वहिनींशी बोलेल, आणि मग हिशेब जुळला पाहिजे म्हणून मी आधीच जुळवून ठेवला. तू माझ्यासाठी चार काप गिळलेस आणि मी ते तुझ्या नावावर पक्के केले. तुला शब्द मोडलास का म्हणून विचारणारा मी! माफी मागत नाही, ती मागायला मी नाशिकला येईन, वजन जरा भरलं की. पण तोवर थांबायचं नाही असं ठरवलंय. या पाकिटात दुसरं एक पाकीट आहे, त्यावर कुमुदवहिनींचं नाव आहे. दीड पानाचं आहे, सगळं सरळ लिहिलंय, एकही अलंकार नाही. ते मी चिकटवलेलं नाही. आधी तू वाच, आणि मग त्यांच्या हातात दे.

तुझाच, आणि तुझ्यावरच संशय घेतलेला,
हेमचंद्र